अडीच गुंठ्यांचा हिमालय

उत्तराखंडच्या पलायन आयोगाने २०१८ साली एक अहवाल दिला. २०११च्या जनगणनेनंतर राज्यातली ७३४ गावं पार ओस पडली, असं त्यात नोंदवलं होतं. दहा वर्षांत १ लाख १८ हजारांहून अधिक माणसांनी गाव कायमचं सोडलं होतं. अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन जिल्ह्यांत तर २००१ ते २०११ या दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती.

त्याच राज्यात, त्याच वर्षांत काठगोदामहून रामगड, मुक्तेश्वरकडे चढणाऱ्या रस्त्यावर प्लॉटविक्रीच्या पाट्या वाढत होत्या. सहा-सात हजार फुटांवर देवदार आणि बांजची, म्हणजे हिमालयी ओकची झाडं, समोर नंदादेवी, त्रिशूल, पंचचुली आणि टुमदार बंगल्याचं चित्र. गिऱ्हाईक दिल्लीचं जास्त. पण पुणेकर, मुंबईकर आता तिथे नवलाचे राहिलेले नाहीत. २०२०च्या टाळेबंदीने घरून काम करायची सवय लावली आणि ‘पहाडात एक छोटंसं घर’ हे निवृत्तीनंतरचं स्वप्न पस्तिशीतच पडू लागलं.

एकीकडे रिकामी घरं, दुसरीकडे घर शोधणारी माणसं. कागदावर हिशेब चटकन जुळतो. प्रत्यक्षात तो का जुळत नाही, हे कुमाऊंच्या गावांतून हिंडताना कळत जातं. थंड डोंगरात कायमचं राहायला जाऊ पाहणाऱ्याने ते समजून घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

जे ओस आहे ते विकाऊ नाही

गावं का रिकामी झाली, हेही आयोगाने विचारलं होतं. निम्म्या लोकांचं उत्तर होतं रोजगार. साधारण १५ टक्क्यांनी शिक्षण सांगितलं, ९ टक्क्यांच्या आसपास लोकांनी दवाखान्याची सोय. रानडुकरं आणि माकडं पीक ठेवत नाहीत, हेही कारण यादीत होतंच. पण आणखी एक आकडा जास्त बोलका आहे. गाव सोडणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक राज्यातच राहिले. कुणी तालुक्याच्या गावी गेलं, कुणी हल्द्वानीला, कुणी देहरादूनला. म्हणजे बहुतेकांनी मुलुख सोडला नाही. शाळा आणि डॉक्टर जिथे आहेत, तिथवर ते उतरले.

त्यामुळे रिकामं दिसणारं घर बेवारस नसतं. आपल्या कोकणात गणपतीला उघडणारी घरं असतात, तसंच हे. कुलदेवतेच्या पूजेला, जागराला, लग्नकार्याला घर उघडतं. छपराची दगडी फरशी सरकली असेल तर बसवली जाते आणि पुन्हा कुलूप लागतं. विकायचं म्हटलं तरी विकायचं कुणी? डोंगरी जिल्ह्यांतला शेवटचा जमीन बंदोबस्त १९६०च्या सुमाराला झाला. त्यानंतर वाटण्या तोंडी होत गेल्या, कागद तसाच राहिला. आपला सातबारा तशी त्यांची खतौनी. तिच्यावर आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग लागलेली असते. याला तिथे ‘गोल खाता’ म्हणतात. एक चुलता हल्द्वानीत, दुसरा दिल्लीत, पुतण्या फौजेत, आत्याची मुलं बरेलीत. सगळ्यांच्या सह्या एका कागदावर आणणं म्हणजे स्वतंत्र नोकरीच.

मुक्तेश्वरजवळच्या एका गावात चहाच्या टपरीवर एक निवृत्त तलाठी भेटले. तिकडे त्यांना पटवारी म्हणतात. इंग्रजांच्या काळापासून अगदी अलीकडेपर्यंत कुमाऊं-गढवालच्या डोंगराळ भागात गुन्ह्याचा तपासही पटवारीच करायचा, त्यामुळे या माणसाला प्रत्येक बांधामागचं भांडण पाठ. त्यांचं निदान सरळ होतं. “ज्या गावात माणूस नाही, तिथे रस्ता नाही. जिथे रस्ता नाही, तिथे तुम्ही येणार नाही. तुम्ही मागता रस्त्याकाठची जमीन. ती आम्हीही विकायला नको होती, पण विकली.”

ओस गावं आणि बाहेरून येणारे लोक यांची गाठच पडत नाही, ती अशी. ओस पडतात आडवळणाची गावं. विकली जाते रस्त्याकाठची, हिमशिखरं दिसणारी जमीन. ती बहुधा गावात उरलेल्यांपैकीच कुणाची तरी कसती जमीन असते.

नाली, खतौनी आणि नवा कायदा

कुमाऊंत जमीन नालीत मोजतात. एक नाली म्हणजे २४० चौरस यार्ड, साधारण २०० चौरस मीटर, आपल्या हिशेबात दोन गुंठे. वीस नालींचा एकर. हे गणित इथे मांडायचं कारण म्हणजे राज्याचा जमीन कायदा.

नोव्हेंबर २०००मध्ये उत्तराखंड वेगळं झालं आणि बाहेरच्यांनी किती जमीन घ्यावी हा वाद लगेच सुरू झाला. २००३ साली मर्यादा ठरली ५०० चौरस मीटर. काही वर्षांतच ती निम्म्यावर, २५० चौरस मीटरवर आली. २०१८ साली उद्योगांच्या नावाने दारं पुन्हा उघडली गेली आणि डोंगरात असंतोष धुमसू लागला. ‘सशक्त भू-कानून’ आणि ‘मूळ निवास १९५०’ (मूळ रहिवासी ठरवायला १९५० हे वर्ष धरा) या मागण्यांसाठी डिसेंबर २०२३मध्ये देहरादूनला मोठा मोर्चा निघाला. अखेर फेब्रुवारी २०२५मध्ये विधानसभेने नवा कायदा केला. हरिद्वार आणि उधमसिंहनगर वगळता उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्या माणसाला शेतीची वा फळबागेची जमीन घेता येत नाही. पालिका हद्दीबाहेर राहण्यासाठी कुटुंबामागे एकदाच २५० चौरस मीटर, तीही शपथपत्र देऊन. नियम मोडून घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते.

शेजारचा हिमाचल प्रदेश याहून कडक. तिथल्या १९७२च्या कायद्याचं कलम ११८ डोंगरात जमीन शोधणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी आडवं येतं. हिमाचलात जो शेतकरी नाही, त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. तुमचा महाराष्ट्रातला शेतकरी असल्याचा दाखला तिथे चालत नाही. इतकंच काय, शिमल्यात पिढ्यान् पिढ्या दुकान चालवणाऱ्या पण शेतजमीन नसलेल्या हिमाचली कुटुंबालाही हीच अट आहे.

आपल्याकडच्या अनेकांना हा अन्याय वाटतो. “देशात कुठेही राहायचा हक्क आहे ना?” असं तावातावाने विचारलं जातं. राहायचा हक्क आहेच, भाड्याने राहायला कुणाची ना नाही. आणि शेतजमीन शेतकऱ्यालाच, ही अट महाराष्ट्रातही १९४८च्या कुळकायद्यापासून आहे. सपाटीवर जमीन भरपूर असून आपण ती अट ठेवली. उत्तराखंडात राज्याचा निम्म्याहून अधिक भूभाग वनक्षेत्र म्हणून नोंदलेला, उरलेल्यात कडे, नद्या आणि दरडी. डोंगरउतार कापून, दगडी बांध घालून पिढ्यांनी जी सपाट पट्टी केली, तेवढंच शेत. ते एकदा बंगल्याखाली गेलं की दुसरं तयार होत नाही.

शिखरं उत्तरेला, ऊन दक्षिणेला

पुण्याचं एक जोडपं रामगड-मुक्तेश्वर पट्ट्यात भेटलं. दोघंही संगणकाच्या नोकरीतली, चाळिशीची. जमीन घेण्याआधी त्यांनी शहाणपणाने गावातलं जुनं घर भाड्याने घेतलं होतं. भिंती दोन फूट जाडीच्या, दगडाच्या आणि मातीच्या गिलाव्याच्या. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागतं. खाली गोठ, म्हणजे गुरांची खोली, आणि वर माणसं. गुरांची ऊब वर चढते. छपरावर पाथर, म्हणजे पातळ दगडी फरश्या.

त्या घरात शिरल्यावर पहिली तक्रार सुचते ती हीच, की खिडकीतून हिमालय दिसत नाही. दिसणारही नाही, कारण घराची पाठ हिमालयाकडे आहे. कुमाऊंतून हिमशिखरं दिसतात उत्तरेला आणि हिवाळ्यात सूर्य फिरतो दक्षिणेला. जुन्या गवंड्याने घराचं तोंड उन्हाकडे केलं. अंगण, ओटा, धान्य वाळवायची जागा, सगळं दक्षिणेला किंवा आग्नेयेला. उत्तरेची भिंत जवळजवळ आंधळी, डोंगरात टेकलेली.

नवे बंगले नेमके उलट बांधले जातात. उत्तरेला छतापासून जमिनीपर्यंत काच, कारण गिऱ्हाइकाने पैसे दिलेत त्रिशूल बघायला. जानेवारीत त्या काचेतून उत्तरेचं वारं अंगावर येतं, ऊन मात्र दिवसभरात एकदाही आत येत नाही. मग विजेचे हीटर लागतात आणि बर्फात झाड तारेवर पडलं की वीज जाते. त्या जोडप्यातल्या ताईंनी मला शेजारच्या नव्या बंगल्यातली दिवाणखान्याची भिंत दाखवली. बाष्प गोठून, वितळून, पुन्हा गोठून प्लास्टरचे पापुद्रे सुटले होते. मालक ऑक्टोबरात कुलूप लावून जातात आणि एप्रिलात परततात, त्यामुळे त्यांना ते रंगाऱ्याचं काम वाटतं.

ऊब मिळवायची गावाची साधनं साधी आहेत. सगड म्हणजे कोळशाची लोखंडी शेगडी. तिच्याभोवती रात्रीचं जेवण, गप्पा, मुलांचा अभ्यास, सगळं चालतं. पण झोपताना सगड बाहेर जाते, हा नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याने माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या डोंगरातून येतात आणि त्यात पाहुणेही असतात. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास, ना रंग. पक्क्या खिडक्यांच्या नव्या घरात त्याला बाहेर पडायला फटही नसते.

नळ रात्री बंद करायचा नसतो

पारा शून्याखाली उतरायची चिन्हं दिसली की त्या जोडप्याच्या घरातला मोरीतला नळ रात्रभर बारीक धारेने वाहता ठेवतात. पाणी वाया घालवायचं कसं, म्हणून या जोडप्याने पहिल्याच कडक थंडीत तो घट्ट बंद केला. सकाळी पाणी नाही. झऱ्यापासून घरापर्यंत येणारा काळा प्लॅस्टिकचा पाइप जिथे मातीतून वर येऊन वळतो, तिथे आत बर्फाची गुडदी बसली होती. शेजारच्या आमा, म्हणजे आजीबाई, किटलीतलं गरम पाणी घेऊन आल्या. एकदम ओतलं नाही, आधी वळणावर गोणपाट गुंडाळलं आणि त्यावर थेंब थेंब सोडलं. पाइप उलला तर बदलायला माणूस हल्द्वानीहून येणार. मग त्यांनी ताईंना सुनावलं, “बेटी, पानी को चलता रखो. रुका तो जमा.” दुपारी गावातल्या गवंड्याने तो वळणाचा तुकडा हातभर खोल पुरला. नळ तरीही तेव्हापासून रात्री वाहताच असतो, त्याची धार खालच्या बादलीत पडते आणि सकाळी तेच पाणी भांड्यांना.

बर्फ मात्र काही दिवसांचं दुखणं. खरी ओढाताण एप्रिल ते जून. कुमाऊंचं पिढ्यान् पिढ्यांचं पाणी म्हणजे धारा आणि नौला. धारा म्हणजे वाहता झरा. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली, पायऱ्यापायऱ्यांची दगडी कुंडी, वर देवळासारखं छप्पर. वरच्या डोंगरात बांजचं जंगल असेल, पावसाचं पाणी मातीत मुरत असेल, तर खाली झरा जिवंत राहतो. बांज जाऊन चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडांचा पसारा झाला, वर रस्ते आणि बंगले आले, की मुरणारं पाणी घसरून जातं. संपूर्ण हिमालयात झरे आटत चालल्याचा इशारा नीती आयोगानेही २०१८ साली दिला होता. रामगड-मुक्तेश्वर पट्ट्यात उन्हाळ्यात आता पाण्याचे टँकर चढताना दिसतात. पर्यटकांचा मोसमही नेमका तोच.

यावर काम करणारे लोक आहेत. १९८६पासून नैनिताल जिल्ह्यात काम करणाऱ्या ‘चिराग’ संस्थेने झऱ्यांच्या पाणलोटात चर खणून, जंगल राखून झरे पुन्हा वाहते करण्याचं काम गावांना सोबत घेऊन केलं आहे. नव्याने येणाऱ्याला स्वतःपुरतं करण्यासारखंही बरंच आहे. वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटर छपरावर लाखभर लिटर पाणी पडतं. निम्मं साठवलं तरी दोघांचा उन्हाळा निघतो. पण प्लॉट बघायला येणारे विचारतात ते इंटरनेटचं. झरा कुठे आहे, कुणाचा आहे आणि मे महिन्यात किती वाहतो, हे विचारणारा विरळा.

पाऊसही आता जुन्या हिशेबाने येत नाही. मुक्तेश्वरला १८९७पासून पावसाची नोंद आहे. १९ ऑक्टोबर २०२१ला संपलेल्या २४ तासांत तिथे ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला. सव्वाशे वर्षांतला हा उच्चांक, तोही पावसाळा सरल्यावर. रामगडच्या बाजूला दरडींखाली माणसं गेली, रस्ते तुटले, गावं दिवसचे दिवस अडकून पडली. त्या पावसात कोणती घरं उभी राहिली आणि कुठून ओढा फुटला, हे गावातलं पोरसुद्धा बोट दाखवून सांगतं. एजंटाच्या नकाशावर ते नसतं.

आधी आलेली माणसं

बाहेरून येऊन डोंगरात मुरलेली माणसं पूर्वीही होती. महाराष्ट्राचाच धागा काढायचा तर कुमाऊंतल्या पंत घराण्यांत आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले अशी परंपरा सांगतात. भारतरत्न गोविंद वल्लभ पंत याच परंपरेतले, अल्मोडा जिल्ह्यातल्या खूंट गावी जन्मलेले. आज कुमाऊंत पंतांना बाहेरचं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

मायावतीचा आश्रम लोहाघाटजवळच्या रानात १८९९ साली उभा राहिला तो कॅप्टन सेव्हिअर आणि त्यांची पत्नी शार्लट या विवेकानंदांच्या इंग्रज शिष्य दांपत्यामुळे. चहाचा जुना मळा त्यांनी घेतला, तिथून ‘प्रबुद्ध भारत’ मासिक छापू लागले. पुढच्याच वर्षी कॅप्टन वारले. शार्लटबाईंच्या सांत्वनासाठी स्वामी विवेकानंद जानेवारी १९०१मध्ये बर्फातून मायावतीला गेले. बाई नंतरही अनेक वर्षं तिथेच राहिल्या. आश्रमाने १९०३ साली सुरू केलेला धर्मार्थ दवाखाना आजही चालू आहे.

हिमाचलातल्या कोटगडला सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकन तरुण आला. त्याने स्थानिक मुलीशी लग्न केलं, शेत केलं आणि १९१६च्या सुमाराला अमेरिकेतून ‘रेड डिलिशस’ सफरचंदाची रोपं आणून लावली. हिमाचलच्या सफरचंदांची बाजारपेठ उभी राहिली ती तिथून. पण गावाशी त्याचं नातं सफरचंदांपुरतं नव्हतं. साहेबांचं सामान फुकट वाहायला लावणाऱ्या बेगारीविरुद्ध तो गावकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला.

मला सर्वांत जवळची वाटते ती सरला बेनची गोष्ट, कारण ती वर्ध्याहून सुरू होते. लंडनमध्ये जन्मलेल्या कॅथरिन हाइलमन १९३२ साली भारतात आल्या आणि गांधीजींसोबत सेवाग्रामला राहिल्या. वर्ध्याचा उन्हाळा आणि मलेरिया त्यांना सोसेना. १९४१ साली त्या हवापालटासाठी कुमाऊंतल्या कौसानीला गेल्या. हवापालटाला गेलेला माणूस आराम करतो. या बाई ‘बेचाळीस’च्या चळवळीत पकडलेल्या लोकांच्या घरच्यांना धीर द्यायला डोंगरातून गावोगाव पायी फिरल्या आणि त्यापायी स्वतः तुरुंगात गेल्या. १९४६ साली त्यांनी मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला. विमला बहुगुणा, राधा भट्ट या त्यांच्याच विद्यार्थिनी. हिमालयातल्या पुढच्या पर्यावरण चळवळींची कितीतरी मुळं त्या आश्रमात सापडतात.

मायावती, कोटगड आणि कौसानी या तिन्ही गोष्टींतली माणसं गावात उणीव काय आहे ते बघून थांबली. दवाखाना, शाळा, पीक, अन्यायाविरुद्ध एक जादा माणूस. पलायन आयोगाला लोकांनी सांगितलेली कारणं पुन्हा वाचा. यादी तीच आहे.

मग जावं की नाही?

त्या जोडप्यातल्या दादांना मी विचारलं, काय जड गेलं? थंडी म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “नाही म्हणायला शिकणं. शेजारी जमीन विकायला काढतो, पहिल्यांदा आमच्याकडे येतो. आमच्या ओळखीचे चार पुणेकर टपलेले असतात. मध्ये पडलो तर कमिशन मिळतं, पण पुढच्या वर्षी नौल्यावर आणखी चार पाइप लागतात.” त्यांनी मध्ये पडायचं सोडून दिलं आहे. ताई आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी गावातल्या मुलांचं गणित घेतात. गावातली सहा मुलं त्यासाठी हल्द्वानीला न जाता इथेच राहिली, असा त्यांचा मुळीच दावा नाही. पण त्यांच्या दाराशी आता मंडुआ आणि गहत येतो, म्हणजे आपली नाचणी आणि आपले कुळीथ. पिठलं कुळथाचं होतं आणि आमा ते चवीने खातात.

रात्री छातीत दुखलं तर हल्द्वानीपर्यंत घाटाचे दोन-तीन तास, बर्फ असेल तर त्याहून जास्त. मुलं सातवी-आठवीला गेली की शाळेचा प्रश्न. पंधरा फेब्रुवारीपासून पंधरा जूनपर्यंत वणव्याचा मोसम, तेव्हा घराभोवतीचा चीडचा पाला, म्हणजे पिरूल, रोज झाडायचा. हे सगळं मान्य असेल तरच पुढचं बोलणं.

आणि मान्य असेल तर माझा सल्ला एवढाच. जमीन घेऊ नका, आधी जुनं घर भाड्याने घ्या आणि डिसेंबर ते मार्च तिथे काढा. मग मे महिना काढा, पाणी आटल्यावर. त्यानंतरही राहावंसं वाटलं, गावालाही तुम्ही राहावं असं वाटलं, तर २५० चौरस मीटर पुरेसे आहेत. अडीच गुंठ्यांत दक्षिणमुखी चार खोल्या, पाण्याची टाकी आणि भाजीचा वाफा आरामात बसतो. कायद्याने घातलेली ही मर्यादा राहायला येणाऱ्याला कुठेच नडत नाही. ती नडते फक्त त्याला, ज्याला राहायचंच नाही.